दुसऱ्या पाण्याचा कोट

गावात परकं लष्कर उतरलं तेव्हा लोकांनी त्यांना 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. आधी कौतुकानं म्हणत होते, नंतर दातओठ खात म्हणू लागले, पण शब्द तोच राहिला. पाहुणे आपल्याच बाजूचे होते, आपल्याच शत्रूशी लढायला समुद्रापलीकडून आले होते, त्यामुळे त्यांना उघड नावं ठेवायची सोय नव्हती. शाळेत त्यांनी दवाखाना थाटला, नदीकाठच्या मैदानावर छावणी ठोकली आणि आपल्या अवजड ट्रकांनी गावच्या रस्त्यांची पार चाळण करून टाकली. भाजीवाली बाई हात ओवाळून म्हणायची, "पाहुणे म्हटलं की चार दिवस राहून जातात. हे तर जावई होऊन बसलेत."

रंगारणीच्या घरात हे बोलणं जरा झोंबायचं, कारण तिथे खरोखरच एक पाहुणा जावई व्हायच्या वाटेवर होता.

रंगारीण ही गल्लीच्या टोकाला, ओढ्याला लागून असलेल्या रंगकामाच्या घराची सून. सासरे गेले, मग नवरा आपल्या फौजेबरोबर सरहद्दीवर गेला, आणि हळूहळू त्याची खुशाली येणंही बंद झालं. तेव्हापासून मागच्या अंगणातला तांब्याचा हंडा, त्याखालची चूल आणि कपडे ढवळायचा लाकडी दांडा तिच्या ताब्यात आला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे पडले होते. साबण लावा, राख लावा, नाहीतर नशिबाला बोल लावा, तो रंग काही निघायचा नाही. घरात तिच्याशिवाय सासू होती आणि नवऱ्याची बहीण होती, जिला सगळे धाकटी म्हणत. रंगाऱ्याची मुलगी असूनही धाकटी हंड्याजवळ फिरकायची नाही. तिला तो वासच नको असायचा. पाहुण्यांच्या कॅन्टीनमध्ये कपबशा विसळायचं काम मिळालं, तशी ती सकाळी उठून भुर्रकन निघून जायची.

लढाईनं बाकीच्यांच्या धंद्यांचं वाटोळं केलं, रंगारणीचा मात्र चालवला, तोही एकाच रंगावर. ज्या घरी सरहद्दीवरून बातमी यायची, त्या घरच्या बायका असतील नसतील ते कपडे कवटाळून यायच्या आणि दुखवट्यासाठी काळे करून मागायच्या. ते एक काम. दुसरं काम ब्लँकेटांचं. गावात कापड मिळेनासं झालं होतं आणि थंडी तर हाडं फोडत होती. पाहुण्यांकडे मातकट रंगाची जाड लोकरी ब्लँकेटं होती, दोन्ही टोकांना फिकट पट्टा विणलेली. ती कधी अंड्यांच्या बदल्यात, कधी दारूच्या, कधी नुसत्या गोड हसण्याच्या बदल्यात गावात यायची, रंगारणीच्या हंड्यात बुडायची आणि शिंप्याच्या हातून कोट होऊन रस्त्यावर फिरायची. लष्कराचा माल गावात सापडला तर देणाऱ्या शिपायाला शिक्षा होती. पण साहेबलोकांनाही थंडी दिसत होती, ते कानाडोळा करत. फक्त कोट बघून ब्लँकेट आठवता कामा नये, एवढंच रंगारणीनं सांभाळायचं होतं, आणि ते ती चोख सांभाळायची.

सासऱ्यांनी घालून दिलेली रीत तिनं कधी मोडली नव्हती. हंड्यात नवा रंग आणि तो पक्का बसावा म्हणून व्हिनेगर घालून जे उकळायचं ते पहिलं पाणी. ते गिऱ्हाइकाचं. त्यातून कपडे निघाले की जोर गेलेला जो रंग उरायचा ते दुसरं पाणी, त्यात घरचे कपडे. त्यामुळे रंगाऱ्याच्या घरची माणसं वर्षानुवर्षं विटक्याच कपड्यांत फिरत आली होती आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. शिवाय कपडा वाळला की ओलं पांढरं फडकं घेऊन त्यावर घासायचं. फडक्याला रंग लागला तर कपडा परत हंड्यात. फडकं पांढरं राहिल्याशिवाय या घरातून चिंधीसुद्धा बाहेर जायची नाही.

धाकटीचा पाहुणा ताडमाड उंच होता. आत येताना त्याचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा आपटायचं. सासूनं त्याचं नाव लांबू ठेवलं. पहिल्यांदा तो आला तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. "पोरीला डोक्यावर बसवून ठेवा, मग असले ताड घरात शिरतात," असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. त्याला ओ की ठो कळत नव्हतं म्हणून बरं. पण लांबू सुट्टी मिळाली की यायचा, काही न विचारता ओढ्यावरून बादल्या भरून आणायचा, लाकडं फोडायचा आणि हंडा ढवळायला उभा राहायचा. त्याला इथले दोनच शब्द यायचे. एक 'वहिनी', धाकटीचं ऐकून उचललेला. दुसरा 'बास', कारण रंगारीण त्याला सारखी तेच म्हणायची. एकदा निवत आलेल्या हंड्यात दांडा घसरून पडला, तर या पठ्ठ्यानं सरळ आत हात घातला. मनगटापर्यंत काळा झालेला तो हात रंगारणीच्या हाताशेजारी धरून तो इतका हसला की तिलाही हसू आवरेना. नवरा गेल्यापासून त्या अंगणात ती पहिल्यांदाच हसली.

आणि त्याच संध्याकाळी तिचं बिनसलं. सासूनं लांबूला चुलीजवळच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची रंगारणीच्या नवऱ्याची. सासू पावाचा तुकडा पुढे सरकवत म्हणाली, "खा रे बाबा. माझ्या पोरालाही तिकडे कुणीतरी असंच वाढत असेल." त्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण रंगारणीनं आपला पाव खाली ठेवला. आपला माणूस जिवंत आहे की मातीखाली हे ठाऊक नाही, आणि त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याच देशाचा पोरगा पाय पसरून बसलाय. त्यात तो पोरगा चांगला आहे, हेच तिला सोसवेना. वाईट असता तर त्याला पाण्यात पाहून ती मोकळी झाली असती. उद्या हा धाकटीला घेऊन समुद्रापलीकडे जाईल, आणि मग या घरात आपण, सासू आणि ती खुर्ची. या विचारानं कपडे ढवळता ढवळता तिचे हात थांबायचे.

लग्नाला लष्कराची परवानगी लागायची. शाळा बंद पडल्यापासून गावचे मास्तर पाहुण्यांचे दुभाषी झाले होते, तेच निरोप घेऊन आले.

"साहेब स्वतः घर बघायला येणार आहेत," मास्तर म्हणाले. "त्यांचा तसा नियमच आहे. मुलगी बघतात, घरची माणसं बघतात आणि मग हो की नाही ते ठरवतात. नवऱ्या मुलानं त्या वेळी तिथे असायचं नाही. माणूस भला आहे हो, पण टापटिपीचा भारी. हातमोज्याशिवाय दाराला हात लावत नाही."

"मुलगी आमची, आणि बघायला येणार नवऱ्याचा साहेब?" सासू म्हणाली.

"काकू, मुलाकडचं दुसरं कोण आहे इथे?"

सासूनं त्या क्षणापासून घर झाडायला काढलं.

धाकटीला धड कपडा नव्हता. एक पिवळा फ्रॉक चांगला होता, लांबूला आवडणारा, पण त्यावर घालायचं जाकीट कोपरांवर फाटलं होतं. लांबूनं तोड काढली. शर्टाच्या आत गुंडाळून त्यानं स्वतःच्या पलंगावरचं ब्लँकेट आणलं. "आणि तुला?" धाकटीनं खुणेनं विचारलं. त्यानं लष्करी कोट अंगावर ओढून घेतल्याची नक्कल केली आणि खोटं खोटं घोरून दाखवलं.

"वहिनी, काळाभोर होऊ दे हं," धाकटी ब्लँकेट हंड्याजवळ ठेवत म्हणाली. "उद्या शिंप्याकडे गेलं तरच साहेब यायच्या आत शिवून होईल."

"होईल," रंगारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. सरहद्दीवर गावच्या पोरांची अख्खी तुकडी कापली गेली होती. रंगारणीच्या नवऱ्याची तुकडी वेगळी, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला, आणि तसा तो पडला याची तिला लाज वाटली. दिवस वर येईतो अंगण बायकांनी भरलं. भाजीवाली बाई एक लाल स्वेटर छातीशी धरून उभी होती. एरवी जिची जीभ गावभर चालायची ती आज एवढंच म्हणाली, "लवकर दे गं." पहिलं पाणी त्या बायकांचं होतं. त्यात ब्लँकेट घालायचा विचारही रंगारणीच्या मनाला शिवला नाही, आणि तिथवर तिचं काही चुकलं नाही.

ब्लँकेट दुसऱ्या पाण्यात पडलं. घरचंच तर होतं. बरणीतलं व्हिनेगर संपलं होतं. सासूच्या कपाटात स्वयंपाकासाठी जपून ठेवलेली एक बाटली होती. मागितली असती तर सासूनं कुरकुर करत का होईना दिली असती. रंगारणीनं मागितली नाही. सकाळपासून उभं राहून तिचे पाय भरून आले होते, डोळे धुरानं चुरचुरत होते, आणि आतल्या खोलीत धाकटी केस विंचरताना नकळत काहीतरी गुणगुणत होती. गल्लीत घराघरांतून रडं उठलंय आणि हिला गाणं सुचतंय, असं तिच्या मनात आलं. जाईना का कशीही, असंही आलं.

ब्लँकेट चुलीच्या धगीला वाळलं तसं तिनं रीतीप्रमाणे ओलं फडकं घासलं. फडकं काळं झालं. स्वच्छ उजेड होता, डोळे फाडून बघायची गरज नव्हती. बाटली मागून आणायची, हंड्यात नवा रंग काढायचा आणि ब्लँकेट परत आत सोडायचं, एवढंच करायचं होतं. शिंपी दारात येऊन उभा राहिला होता. तिनं फडकं चुलीत टाकलं.

धाकटीनं ब्लँकेट उचलता उचलता विचारलं, "फडकं लावलंस ना, वहिनी?"

"लावलं," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

धाकटीला कोट गुडघ्याखाली हवा होता. एरवी शिंपी ब्लँकेटाचा तो फिकट पट्टा आधी कापून टाकायचा, पण इथे कापड पुरेना. तेव्हा त्यानं पट्टा खालच्या घेरात घेतला. सगळंच काळं दिसत होतं, कुणाला कळणार होतं! कोट घालून धाकटीनं अंगणात गिरकी घेतली. "सरळ उभी राहा," सासू म्हणाली. "नवरी आहेस, भोवरा नाहीस." आणि डोळ्यांत काही गेल्याचं निमित्त करून ती आत निघून गेली.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. रंगारणीनं खिडकीतून आभाळ पाहिलं आणि मग नव्या कोटाकडे पाहिलं. गल्लीत जीप शिरत नसे, म्हणून धाकटी कोपऱ्यापर्यंत साहेबांना आणायला निघाली होती.

"जाकीट घालून जा," रंगारीण म्हणाली. "नवा कोट कशाला भिजवतेस?"

"फाटकं जाकीट घालून साहेबांसमोर जाऊ? मग कोट शिवला कशाला?"

खरं सांगून टाकायची ती वेळ होती. अजून काही बिघडलं नव्हतं. फार तर धाकटी चिडली असती, रडली असती, शेजारणीचा कोट मागून घालून गेली असती. रंगारणीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "छत्री तरी घे."

छत्री धाकटीनं नेली, पण येताना ती साहेबांच्या डोक्यावर धरून आली. पोरीनं शहाणपणाच केला होता. ती स्वतः खांद्यापासून घेरापर्यंत भिजली होती आणि हसत होती. मागून मास्तर चिखल चुकवत आले. साहेब ठेंगणे होते, पिकल्या मिशांचे, हातात पांढरे सुती मोजे. दारातून आत येताच त्यांनी त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे धाकटीचा कोट मागून धरून उतरवून घेतला आणि खुंटीला अडकवला. धाकटी पाठमोरी होती. सासू खुर्ची पुसत होती. मास्तर पायपुसण्यावर बूट घासत होते. समोर फक्त रंगारीण उभी होती, म्हणून तिनंच पाहिलं. मोज्यांची सगळी बोटं काळी झाली होती.

साहेबांनीही पाहिलं. मग त्यांची नजर खुंटीवरच्या कोटावर गेली. खालच्या घेरातून पाणी निथळत होतं आणि तिथे काळ्यातून तो फिकट पट्टा वर आला होता. त्यांनी मोजे काढले, काळी बाजू आत घेऊन त्यांची घडी घातली, खिशात ठेवली आणि सासूनं दाखवलेल्या खुर्चीवर बसले. तीच खुर्ची.

चहा झाला. साहेबांनी विचारायचं ते सगळं विचारलं.

"साहेब म्हणतात, स्वयंपाक येतो का?" मास्तर म्हणाले.

"येतो म्हणावं," सासू म्हणाली. "आणि जो येत नाही तो करता करता येईल."

साहेब हसले. समुद्राचा प्रवास झेपेल का, आईची आठवण येईल का, असंही त्यांनी विचारलं. धाकटी घाईघाईनं उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिची कळी खुलत होती. रंगारीण हात एप्रनखाली घालून भिंतीशी उभी होती. शेवटी साहेब तिच्याकडे वळले.

"साहेब म्हणतात, तुम्ही हिच्या वहिनी. तुम्हाला काय वाटतं, ही तिकडे रमेल?"

"रमेल," ती म्हणाली. साहेबांचा कप रिकामा झाला होता, तो भरायला तिला हात बाहेर काढावे लागले. साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं, पार कोपरापर्यंत. त्यांना अर्थ लावायला दुभाषी लागला नाही.

ते गेल्यावर सासू खूश होती. "एवढा मोठा माणूस, पण कसा खाली मान घालून बसला होता! झालं समज तुझं काम." धाकटीनं टाळी वाजवली आणि कोट चुलीजवळ वाळत घालायला खुंटीकडे गेली. खुंटीखाली फरशीवर काळं पाणी साचलं होतं. ती खाली बसली, त्यात बोट बुडवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं. हंड्यापासून कितीही लांब पळाली तरी पोर रंगाऱ्याचीच होती.

"वहिनी, फडकं लावलंस म्हणालीस."

"लावलं होतं."

"मग?"

व्हिनेगर संपलं होतं, बायका खोळंबल्या होत्या, शिंपी दारात उभा होता. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यातलं एकही तिला सांगवेना. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत थांबली. मग तिनं फडकं आणून फरशी पुसून काढली.

आठवडाभरात मास्तर उत्तर घेऊन आले. छावणीत सामानाची तपासणी झाली आणि लांबूच्या पलंगावरचं ब्लँकेट कमी भरलं. "साहेब मला म्हणाले, दुरून दिसतं तोवर मी डोळे मिटून घेतो," मास्तर खालच्या आवाजात सांगत होते. "पण माझ्याच मोज्यांवर आलं, तेही या पोराच्याच सासरी, आता मी काय करू? परवानगी नाही मिळायची. आणि त्याला पुढच्या फळीत पाठवतायत."

"एका पांघरुणापायी?" सासू ओरडली. "एका पांघरुणापायी माणसाला मरायला पाठवतात?" तिनं साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धाकटी रडली नाही. तिनं रंगारणीकडे पाहिलंही नाही, आणि तेच रंगारणीला जास्त लागलं.

लांबू निरोप घ्यायला आला तेव्हा त्याचं कपाळ नेहमीप्रमाणे चौकटीवर आपटलं. कुणी हसलं नाही. काय घडलं, कशामुळे घडलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण ब्लँकेट दिलं, ते पकडलं गेलं, चूक आपलीच, असाच त्याचा समज होता. सांगायचा हक्क धाकटीचा होता. तिनं तोंडाला कुलूप लावलं. लांबूनं रंगारणीला आपला उजवा हात दाखवला. बाकी रंग गेला होता, नखांच्या कडांना तेवढा काळा उरला होता. "वहिनी," तो म्हणाला, आणि तो हात तिच्या हाताशेजारी धरून पुन्हा हसायला गेला. रंगारणीला वाटलं, याच्या पायांवर डोकं ठेवावं. पण सांगायचं कसं, तिच्याकडे त्याच्या भाषेतला एक शब्द नव्हता. धाकटीनं खुंटीवरचा कोट काढून त्याच्या हातात कोंबला, निदान पांघरायला तरी घे म्हणून. त्यानं तो उलगडला, तिच्याच खांद्यांवर घातला आणि म्हणाला, "बास." दोनच शब्द येत होते त्याला, ते दोन्ही त्यानं त्या दिवशी वापरले.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. मीठ दे, पाणी भरलं का, दार लावून घे. धाकटी त्याच फाटक्या जाकिटात कॅन्टीनला जात राहिली. कोट खुंटीवरच होता, पट्टा बाहेर काढून.

"दे तो," एकदा रंगारीण म्हणाली. "पहिल्या पाण्यात टाकते. नीट करून देते."

"राहू दे," धाकटी म्हणाली.

रंगारणीनं मनाशी ठरवलं होतं, लांबू परत आला की मास्तरांना मधे बसवून त्याला सगळं सांगायचं. फडकं काळं निघालं होतं, ते मी चुलीत टाकलं, तुम्ही दोघांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. मग त्यानं थुंकावं तोंडावर, पण त्यानं यावं. आजवर ती देवाला हात जोडायची ते नवऱ्यासाठी. आता आधी लांबूसाठी जोडू लागली, आणि त्याबद्दल नवऱ्याची मनातल्या मनात माफी मागू लागली.

एका सकाळी ती चुलीत लाकडं सारत होती. मास्तर मागच्या दारानं अंगणात आले. टोपी हातात होती. एरवी कडाक्याच्या थंडीत ते टोपी काढत नसत, त्यामुळे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"धाकटी आहे का घरात?" मास्तरांनी विचारलं.

धाकटी दारातच उभी होती. मास्तर जे बोलले ते तिनं चौकटीला धरून ऐकून घेतलं. पुढच्या फळीत गेल्यावर थोड्याच दिवसांत, तोफेचा गोळा, फार हाल झाले नाहीत म्हणतात. साहेब स्वतः यायला निघाले होते, पण कोपऱ्यावरूनच माघारी फिरले. धाकटीनं मान हलवली, जशी कुणी भाजीचा भाव ऐकून हलवतं, आणि आत गेली. मास्तर टोपी हातातच धरून निघून गेले.

थोड्या वेळानं ती बाहेर आली ती पिवळा फ्रॉक घेऊन.

"हा काळा कर," ती म्हणाली. मग रंगारणीच्या डोळ्यांत सरळ बघत, किती तरी दिवसांनी पहिल्यांदाच बघत, म्हणाली, "वहिनी, या वेळी पहिल्या पाण्यात."

रंगारणीनं हंडा घासून घेतला, ताजं पाणी भरलं, नवा रंग काढला. बरणी उचलली तर ती रिकामीच होती. ती वळली तर मागे सासू उभी होती. तिच्या हातात कपाटातली व्हिनेगरची बाटली होती. कुणी मागितली नव्हती. सासूनं ती चुलीच्या कडेला ठेवली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "तेव्हाच मागितली असतीस तर दिली असती गं." सारी हयात रंगाऱ्याच्या घरात काढलेली बाई ती. फरशीवर काळं पाणी साचलं त्या दिवशीच तिला सगळं कळलं होतं.

रंगारणीनं बाटली ओतली. विस्तव हळूहळू वाढवला, दांडा हातातून सोडला नाही, फ्रॉक बुडाशी लागू दिला नाही. पिवळा आधी हिरवट झाला, मग मातकट, मग काळा. हंडा निवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. कपडा पिळला, झटकला, चुलीच्या धगीला वाळवला. इतकं मन लावून तिनं कुणाचंच काम कधी केलं नव्हतं.

धाकटीनं फ्रॉक तिच्या हातातून घेतला. फडकं तिनं स्वतः आणलं होतं, पांढरं स्वच्छ, पाण्यात बुडवून पिळलेलं. तिनं ते बाहीवर घासलं आणि बघितलं. गळ्यावर घासलं. शिवणीवर घासलं, घेरात घासलं, आतून उलटं करून घासलं. दात आवळून ती घासत राहिली आणि फडकं पांढरंच राहिलं.

रंगारीण काळे हात मांडीवर ठेवून बघत होती. कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, थोडा तरी रंग उतरावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. म्हणजे मन लावून केलेलं कामसुद्धा कधी कधी फसतं, कोटाचंही तसंच झालं, असं म्हणता आलं असतं. धाकटीनं फडक्याची नीट घडी केली आणि ते तिच्या मांडीवर आणून ठेवलं.